जिवंत मालाची बॅच

युरियाची गोणी गोदामात वर्षभर पडली तर फार तर तिचे खडे होतात. फोडून टाकली की पिकाला नत्र मिळतंच. जिवाणू खताची पिशवी पडून राहिली की आतला माल मरत जातो, आणि मेलेला माल जिवंत मालासारखाच दिसतो: तोच काळा लिग्नाइट, तेच वेष्टन, तीच छापील मुदत. या धंद्यातल्या बहुतेक दुखण्यांचं मूळ इथे आहे.

धंदा नवा नाही. जर्मनीत नोबे आणि हिल्टनर या जोडीने १८९६ साली ‘नायट्राजिन’ या नावाने रायझोबियम या जिवाणूचं संवर्धक विकायला काढलं. तेव्हापासून सव्वाशेहून अधिक वर्षं गेली, तरी फ्लास्कमध्ये साधलेली गोष्ट हजार लिटरच्या टाकीत दर वेळी तशीच साधेल, हे छातीठोकपणे सांगणं अवघडच आहे.

सोयाबीनचंच घ्या. खरिपाच्या तोंडावर विदर्भ-मराठवाड्यातून रायझोबियमला एकदम मागणी येते. सोयाबीनच्या मुळांवर गाठी आणणारा ब्रॅडीरायझोबियम जातीचाच संथ. दुप्पट व्हायला त्याला साधारण सात-आठ तास लागतात. टाकीच्या एखाद्या व्हॉल्व्हच्या खाचेतून आत शिरलेला बॅसिलस अर्ध्या तासातही दुप्पट होऊ शकतो. म्हणजे चोवीस तासांत आपला जिवाणू तीनदा दुप्पट होणार, अर्थात आठपट. घुसखोर मात्र, अन्न पुरलं तर, ४८ वेळा दुप्पट होणार. ते गणित कागदावर मांडायलाही नको. म्हणूनच मोठ्या टाकीत थोडंसं विरजण घालून कोणी भागवत नाही. मदर कल्चर आधी फ्लास्कमध्ये, मग छोट्या टाकीत, मग मोठ्या, असं प्रत्येक पायरीवर पाच-दहा टक्के बियाणं देत नेतात, म्हणजे आपल्या जिवाणूची आघाडी टिकते. प्रत्येक पायरीवर एक थेंब काचपट्टीवर घेऊन ग्रामच्या पद्धतीने रंगवतात. रायझोबियम गुलाबी दिसतो. गुलाबी काड्यांच्या गर्दीत जांभळ्या काड्या दिसल्या की टाकी ओतून द्यायची. ऐन जूनमध्ये, दारात विक्रेत्यांच्या गाड्या उभ्या असताना ती ओतून देणारा कारखानदार आणि न देणारा कारखानदार, असे या धंद्याचे दोन भाग पडतात असं मला वाटतं.

दुसरा धोका दिसत नाही. टाकीतलं अन्न आयतं असतं, तिथे गाठी आणायची गरजच पडत नाही. मूळ वाण वर्षानुवर्षं एका नळीतून दुसऱ्या नळीत उतरवत राहिलं की वाढीला जोमदार पण गाठी आणायला नालायक अशी पैदास पुढे येऊ शकते. मोजणीत ती उत्तम मार्कांनी पास होते. म्हणून मूळ वाण गोठवून, सुकवून बंद कुप्यांत ठेवायचं आणि अधूनमधून निर्जंतुक वाळूच्या कुंडीत रोप लावून गाठी येतात का ते पाहायचं. हे काम वेळखाऊ असतं, त्यामुळे सगळ्यात आधी त्यालाच फाटा मिळतो.

याच धंद्यातल्या कीडनाशक बुरशींचं तंत्र वेगळं. उसातल्या हुमणीसाठी वापरला जाणारा मेटारायझियम बहुधा तांदळावर वाढवतात. दाणा शिजावा पण मोकळा राहावा. गिचका झाला की मधे हवा पोचत नाही, आत उष्णता कोंडते आणि बीजाणू कमी धरतात. ब्राझीलमध्ये उसावरच्या किडीसाठी हीच बुरशी लाखो हेक्टरवर वापरतात, तीही मुख्यतः तांदळावरच वाढवलेली.

सगळ्यात विलक्षण कारखाना मात्र विषाणूचा. हरभऱ्यावरच्या घाटे अळीला मारणारा एचएएनपीव्ही धंद्याच्या प्रमाणावर टाकीत, पाकात वाढवत नाहीत. त्याला जिवंत अळीच लागते. म्हणजे ज्या किडीच्या नावाने शेतकरी बोटं मोडतो, तिचीच इथे हजारांनी जोपासना करायची! पतंगांना मधाचं पाणी, अंडी घालायला कापड, आणि पिल्लांना हरभऱ्याचं पीठ, अगार, यीस्ट, जीवनसत्त्वं घालून थापलेल्या वड्या. ही अळी स्वजातिभक्षक. दोघी एकत्र ठेवल्या की एक दुसरीला खाते. म्हणून खणांच्या ट्रेमध्ये प्रत्येकीला स्वतंत्र खोली. विषाणू कधी द्यायचा यात खरं कसब आहे. अळी लहान असताना दिला तर ती लवकर मरते आणि पदरात फारसं काही पडत नाही. उशीर केला तर ती कोषात जाते. मेलेली अळी फुटून पाझरायच्या आत उचलायची. आणि विषाणूच्या खोलीत गेलेला माणूस निरोगी अळ्यांच्या खोलीत परत येता कामा नये, नाहीतर पुढचा सगळा कळपच संपला.

मालाचं माप एलई, म्हणजे ‘एका अळीइतका विषाणू’: ६०० कोटी कण. हेक्टरी २५० एलई धरले तर दीड लाख कोटी कण होतात. अर्थसंकल्पात शोभावा असा आकडा. हे कण सूक्ष्मदर्शकाखाली चौकटीच्या काचेवर मोजतात, पण अळीच्या चरबीचे थेंबही तिथे तसेच चमकतात. शिवाय कण मोजले म्हणजे त्यांची मारकता मोजली असं होत नाही; ती अळ्यांना खाऊ घालूनच कळते. एवढं करून शेतात ऊन त्याला दिवस-दोन दिवसांत निकामी करतं. म्हणून फवारणी संध्याकाळी आणि द्रावणात नीळ, हा सल्ला आहे.

कायद्याने आकडे बांधून दिले आहेत. जिवाणू खतं २००६ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली: भुकटीत ग्रॅमला ५ कोटी, द्रवात मिलिलिटरला १० कोटी जिवंत पेशी, आणि लाखपट पातळ केलेल्या नमुन्यात परका जीव दिसता कामा नये. ट्रायकोडर्मा ही बुरशी मात्र कीटकनाशक ठरते; तिची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली. एकाच छपराखाली दोन कायदे, दोन परवाने.

हे सगळे आकडे कुठे मोजायचे, हा माझा प्रश्न आहे. कारखान्याच्या दारात ग्रॅमला ५ कोटी भरलेली पिशवी मे महिन्यात ट्रकमधून अकोल्याला जाते, पत्र्याखालच्या दुकानात थांबते आणि पेरणीच्या दिवशी उघडते. मध्येच निरीक्षक नमुना घेतात, आणि तो नमुनाही त्याच उन्हातून प्रयोगशाळेकडे निघतो. तिथे संख्या कमी भरली तर दोष टाकीचा, ट्रकचा, दुकानाचा की खुद्द नमुन्याच्या प्रवासाचा? उत्पादनाची तारीख पाकिटावर असते. त्या पाकिटाने वाटेत किती ऊन खाल्लं, याची नोंद त्यावर नसते.