वहीची किल्ली आपल्याच हाती हवी

कापडाच्या धंद्यात मालावरून भांडणे कमी होतात, भावावरून जास्त होतात. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या गिऱ्हाइकाने मला सांगितले, "शेठ, तुम्ही तर जुनाच भाव कबूल केला होता." मी संगणक उघडला. त्यात 'भाव', 'भाव नवीन', 'भाव अंतिम' आणि 'भाव अंतिम दोन' अशा चार फायली निघाल्या. कोणती कोणत्या दिवशी लागू होती, हे सांगता येईना. फायलीवर तारीख असते, पण मुनीमजींनी मधेच उघडून पुन्हा जतन केल्यामुळे तीही बदललेली. अखेर जुन्या भावाने ताके द्यावे लागले. पैशाच्या नुकसानीपेक्षा दुःख याचे झाले, की खरे बोलूनही मला ते खरे करून दाखवता आले नाही.

कुरआन शरीफच्या सूरह बकरामधील २८२ वी आयत ही सर्वांत लांब आयत आहे, आणि ती आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल. लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, हेही तिच्यात आले आहे. कागदाच्या वहीत खाडाखोड दिसते. संगणकात मात्र जुना आकडा पुसून नवा घातला तर मागमूस राहत नाही. या दुखण्यावर संगणकवाल्यांनी शोधलेला इलाज म्हणजे 'व्हर्जन कंट्रोल', अर्थात प्रत्येक बदलाची रोजनिशी. त्यात आज सर्वांत जास्त चालणारा प्रोग्राम म्हणजे 'गिट'.

गिट कसा जन्मला?

ही हकिगत प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी. लिनक्स ही संगणकप्रणाली जगभरचे कारागीर मिळून लिहितात. २००२ पासून ते आपल्या बदलांची नोंद 'बिटकीपर' नावाच्या एका कंपनीच्या प्रोग्राममध्ये ठेवत. त्यांना तो फुकट मिळत असे. २००५ मध्ये कंपनीने ती सवलत काढून घेतली. काम आपले, पण वहीची किल्ली दुसऱ्याच्या हाती, असा प्रकार झाला. तेव्हा लिनक्सचे जनक लिनुस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये स्वतःच गिट लिहायला घेतला, आणि काही दिवसांतच गिटचा कोड गिटमध्येच नोंदला जाऊ लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याची जबाबदारी जुनियो हमानो यांच्याकडे आली. गिट फुकट आहेच, शिवाय त्याचा मूळ कोड सर्वांना खुला आहे.

वही कशी चालते?

तुम्ही भावपत्रक बदलले की 'कमिट' करायचे, म्हणजे नोंद पक्की करायची. नोंदीबरोबर नाव, तारीख, वेळ आणि बदल का केला याचे टिपण राहते. टिपण मराठीत लिहा, नाहीतर उर्दूत लिहा. प्रत्येक नोंदीला ४० अंक-अक्षरांची एक खूण मिळते. ती खूण त्या नोंदीतील मजकूर आणि आधीच्या नोंदीची खूण यांच्यापासून बनते. म्हणून कोणी जुनी नोंद बदलली तर पुढच्या सगळ्या खुणा बदलतात, आणि ज्याच्याकडे जुनी प्रत आहे त्याला चोरी लगेच कळते. यासाठी एक प्रत भावाकडे किंवा भागीदाराकडे जरूर ठेवावी.

मूळ कोडपासून बांधणी

विंडोज वापरणाऱ्यांना गिट तयार मिळतो. त्यांनी तोच घ्यावा. माझ्या दुकानात जुन्या संगणकावर लिनक्स आहे. त्यावर माझ्या भाच्याने गिट मूळ कोडपासून बांधला. बाजारातून तयार ताका आणणे आणि सूत आणून आपल्या मागावर विणणे, यात जो फरक तोच इथे आहे. घरी विणले तर नव्यातला नवा माल मिळतो आणि आत काय आहे तेही पाहता येते.

१. मूळ कोडची गाठोडी लिनक्सवाल्यांच्या 'कर्नल डॉट ऑर्ग' या ठिकाणी मिळते. तिच्यासोबत तपासणीचे आकडे दिलेले असतात. ते जुळवल्याशिवाय गाठोडी सोडू नये.

२. गिट मुख्यतः 'सी' भाषेत लिहिलेला आहे. म्हणून सी भाषेचा कंपायलर, 'मेक' हे साधन आणि 'झेडलिब' हा कोडसंग्रह हवाच. 'कर्ल', 'ओपनएसएसएल', 'एक्सपॅट' आणि 'गेटटेक्स्ट' हेही लागतात. ज्याची गरज नाही ते वगळण्याची सोय आहे. इंटरनेटवरून देवाणघेवाण करायची नसेल तर कर्लशिवाय भागते.

३. 'मेक' हा हुकूम दिला की माग सुरू होतो. सूत कमी असेल तर माग थांबतो आणि काय कमी आहे ते पडद्यावर लिहून येते. घाबरू नये, ती वस्तू आणून पुन्हा 'मेक' द्यावे.

४. 'मेक टेस्ट' म्हणजे ताका टेबलावर पसरून तपासणे. याला बराच वेळ लागतो, पण टाळू नये.

५. 'मेक इन्स्टॉल' दिले की माल दुकानात लागतो. वेगळे काही न सांगितल्यास गिट तुमच्या स्वतःच्या फोल्डरातच बसतो, त्यामुळे संगणकाच्या मालकाचा पासवर्ड लागत नाही. संगणक दुसऱ्याचा असेल तर ही मोठी सोय आहे.

हे हुकूम रोमन लिपीत टंकावे लागतात.

सावधगिरी

भावपत्रक साध्या मजकुराच्या फायलीत ठेवावे, म्हणजे कोणत्या ओळीत काय बदलले ते गिट दाखवतो. एक्सेलच्या फायली किंवा साडीच्या डिझाइनची चित्रे तो जपून ठेवतो, पण त्यांतील फरक ओळीने दाखवू शकत नाही, आणि मोठ्या चित्रांनी वही फुगत जाते. दुसरे म्हणजे, नोंदीवरचे नाव हे संगणकात जे भरले तेच असते. खोटा भाव लिहिणाऱ्याचा हात गिट धरत नाही. इमान माणसानेच आणावे लागते. यंत्र फक्त ते जपून ठेवते.

गेल्या दिवाळीआधी पुन्हा असाच वाद निघाला. मी त्या तारखेची नोंद उघडून दाखवली. चूक माझीच होती. वाढीव भाव मी आठ दिवस उशिरा कळवला होता. मी फरकाची रक्कम परत केली, आणि गिऱ्हाईक टिकले. आपल्या बाजूने पुरावा मिळेल म्हणून मी ही वही सुरू केली होती. ती माझ्याविरुद्धही खरे बोलते, आणि म्हणूनच तिच्यावर दुसऱ्याचा विश्वास बसतो.

आपल्या मुलांपैकी ज्यांना संगणकाची आवड आहे, त्यांच्याकडून हे काम एकदा करून घ्या. दुकानाची वही सुधारेल आणि पोराच्या हाती एक हुन्नरही येईल.