शेक किती आणि कशाला?

आमच्या आक्काच्या डाव्या पापणीच्या आत एक गुलाबी, मऊ गाठ आली होती. दुखत नव्हती, म्हणून वर्षभर तिनं कोणाला सांगितलं नाही. शेवटी तुकडा काढून तपासला, तर निघाला लिम्फोमा. 'शेक द्यावा लागेल,' असं डॉक्टर म्हणाले आणि घरात सारे गप्प झाले. आक्कानं एवढंच विचारलं, "नजर जाईल का रे?"

लिम्फोमा हा लसिकापेशींचा, म्हणजे शरीरात पहारा करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. या पेशींचं ठाणं मानेत, काखेत, जांघेत असलेल्या गाठींत. पण जठर, लाळेच्या ग्रंथी, डोळ्यांभोवतीचा भाग इथंही त्या जमतात, आणि कधी रोग तिथंच सुरू होतो. अशा एका मंदगती प्रकाराचं वर्णन आयझॅकसन आणि राइट या ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी १९८३ साली केलं. जठरात तो बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे होतो. तिथं आधी जंतुनाशक औषधं देतात. पुष्कळदा तेवढ्यानंच रोग विरतो. न विरला तर किरणोपचार.

'शेक' हा शब्द मात्र फसवा आहे. त्यात ऊब नसते. किरण पेशीच्या केंद्रकातला गुणसूत्रांचा धागा तोडतात. लसिकापेशी किरणांपुढं फार लवकर हार खातात. घशाच्या कर्करोगाला सत्तर ग्रेच्या आसपास मात्रा लागते. इथं साधारण २४ ग्रे, बारा बैठकांत, पुरते. काही रुग्णांना दोन बैठकांत ४ ग्रेही दिले जातात. पण ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत २४ ग्रेचा गुण अधिक टिकाऊ ठरला. रोग एकाच जागी असेल, तर त्या जागी तो दहांतल्या नऊंहून अधिक जणांत आटोक्यात येतो. म्हणून आधी सर्व शरीर तपासावं लागतं.

उपचाराला किंमतही आहे. डोळा कोरडा पडतो, पुढं मोतीबिंदू होऊ शकतो. पण मोतीबिंदू काढता येतो. रोग दुसरीकडे वर्षांनीही उगवू शकतो, म्हणून तपासणी चुकवायची नाही.

आक्काच्या बारा बैठका अडीच आठवड्यांत झाल्या. गाठ गेली. डोळ्यांत थेंब घालून ती रोज वर्तमानपत्र वाचते. तिचं एकच म्हणणं आहे: गाठ दुखत नव्हती, तेव्हाच दाखवायला हवी होती.