पहिल्या सफारीची बॅग : मावळातून ताडोबाला जाताना

हा भाग ज्यांना ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी तो लिहून काढलाय. बोलताना जिथे मी फार भरकटलो, तिथे थोडी कात्री लावली आहे.

तर विषय आहे पहिल्या जंगल सफारीला जाताना बॅगेत काय घ्यायचं. मी राहतो वडिवळ्यात, नाणे मावळात, कामशेतपासून आत. धरणाशेजारचं गाव. आमच्याकडे प्रवासाची बॅग भरायची म्हणजे पहिला प्रश्न, 'भिजेल का?' रेनकोट, प्लॅस्टिकच्या पिशव्या, जास्तीचे मोजे. हात आपोआप तिकडेच जातो. आणि आम्ही निघालो होतो ताडोबाला, डिसेंबरात, जिथे पावसाचा थेंब नाही आणि धूळ मात्र मुबलक.

बरोबर होते आप्पा. वय ६४. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ते म्हणाले, "आता एकदा ढाण्या वाघ बघायचाय." आमच्याकडे बिबट्यालाही सर्रास वाघच म्हणतात. गोठ्यामागे चमकणारे त्याचे डोळे आप्पांनी कितीदा पाहिलेत. पण पट्टेवाला कधीच नाही. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली, फक्त एवढं बजावलं की धूळ डोळ्यात जाऊ द्यायची नाही. म्हणजे आमच्या बॅगेची पहिली ओळ डॉक्टरांनीच लिहून दिली.

आधी कागद, मग कपडे

ताडोबा-अंधारी हा चंद्रपूर जिल्ह्यातला व्याघ्र प्रकल्प. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, आणि अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प झाला १९९५ मध्ये. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असतं, आणि पावसाळ्यात साधारण जुलै ते सप्टेंबरही. सफारीचं बुकिंग वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा. तिथे प्रत्येकाच्या ओळखपत्राचा नंबर द्यावा लागतो आणि गेटवर तेच ओळखपत्र, मूळ प्रत, दाखवावी लागते.

इथे माझी चूक ऐका. बुकिंग करताना आप्पांच्या मतदार कार्डाचा नंबर टाकला आणि बॅगेत ठेवलं आधार कार्ड. निघायच्या आदल्या रात्री यादी तपासताना लक्षात आलं. मग अख्खं घर पालथं! अकरा वाजता आईला ते रेशनकार्डाच्या पिशवीत सापडलं. हे गेटवर कळलं असतं तर? एवढ्या लांब नेऊन आप्पांना बाहेर बसवायची वेळ आली असती. म्हणून बुकिंगची छापील प्रत आणि त्यावर लिहिलेलीच ओळखपत्रं एकाच पाकिटात ठेवा. हे काम पहिलं.

मोबाईल खिशातून काढला तर काय काय जातं?

ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात सफारीला मोबाईल नेता येत नाही. कारण साधं आहे. वाघ दिसला की फोनाफोनी होते, गाड्या गोळा होतात आणि वाघाची वाट अडते. २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-कऱ्हांडल्यात वाघीण आणि तिचे बछडे असेच गाड्यांच्या घेऱ्यात सापडले होते. उच्च न्यायालयानेही त्याची दखल घेतली.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कामात एक भीती कायम असते, सगळी व्यवस्था एकाच खांबावर उभी असण्याची. तो खांब पडला की सगळं आडवं. आपल्या प्रवासात तो खांब म्हणजे मोबाईल. घड्याळ तोच, कॅमेरा तोच, टॉर्च तोच, ओळखपत्राचा फोटो त्यातच, पक्ष्यांची नावंही त्यातच. म्हणून बॅग भरण्याआधी कागदावर लिहा, फोन नसेल तर माझं काय काय अडेल? माझी यादी अशी निघाली : मनगटी घड्याळ, छोटी बॅटरी, साधा कॅमेरा, खिशात मावणारी वही आणि पेन. कॅमेऱ्याचे नियम आणि शुल्क बुकिंग करतानाच बघून घ्या. आणि हो, ऑफिसची ड्यूटी सहकाऱ्याशी आधीच बदलून घ्या. लॅपटॉप घरीच बरा.

थंडी : कांद्यासारखे कपडे

चंद्रपूर म्हटलं की आपल्याला उन्हाळाच आठवतो. मे महिन्यात तिथे पारा ४५ च्या पुढे जातो, ते खरंच. पण डिसेंबरच्या पहाटे उघड्या जिप्सीत बसा, मग कळतं. गाडी पळाली की अंगावर येणारा वारा शरीराची ऊब ओढून नेतो. हवा असते त्याहून कितीतरी गार लागते. आणि दहा वाजता त्याच गाडीत घाम येतो. म्हणून एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा पातळ थर घ्या : सुती शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जर्किन. कांदा सोलावा तसा एकेक उतरवता येतो. माकडटोपी आणि हातमोजे हवेतच.

आप्पांनी घोंगडी घेतली होती. मी म्हटलं, "आप्पा, एवढं ओझं कशाला?" ते म्हणाले, "तू ने तुझं जर्किन." पहिल्या पहाटे अर्ध्या तासात मी त्याच घोंगडीत शिरलो होतो. अर्थात, त्यांनी आणलेली छत्री तीन दिवस खोलीतच होती, हेही सांगायला हवं.

रंग आणि वास

खाकी, मातकट, शेवाळी असेच रंग घाला. यामागचं कारण गमतीचं आहे. हरणांना आपल्यासारखे लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. म्हणून आपल्याला भडक वाटणारा केशरी वाघ त्यांना गवतात मिसळलेला दिसतो. मग आपण लाल घातला तर काय बिघडलं? सगळ्यांची दृष्टी तशी नसते. पक्ष्यांना रंग उत्तम दिसतात, वानरांनाही लाल रंग कळतो. पांढरा तर सगळ्यांनाच उठून दिसतो. अत्तर, सेंट खोलीतच ठेवा.

धूळ, पाणी, डोळे

पुढच्या गाडीची धूळ मागच्याच्या नाकातोंडात जाते. नाकावर बांधायला मोठा सुती पंचा घ्या. आप्पांसाठी बाजूनेही झाकणारा गॉगल घेतला, शिवाय डॉक्टरांनी दिलेले थेंब आणि स्वच्छ रुमाल वेगळ्या डबीत. मागची सीट जास्त आदळते. ज्यांना कंबरेचा त्रास आहे त्यांनी पुढे बसावं. पाणी स्टीलच्या बाटलीत. ठरलेल्या थांब्याशिवाय खाली उतरता येत नाही, त्यामुळे निघताना चहा बेताने!

दुर्बीण

पहिल्यांदा घेताय तर ८×४२ पुरे. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं तर उजेड जास्त, म्हणून पहाटे ती कामाला येते. फार जास्त पट घेतली तर हात हलतो तसं चित्रही हलतं. घरच्या गच्चीवर आठवडाभर सराव करा. हे मी केलं नाही.

मग वाघ दिसला का?

पहिल्या दोन फेऱ्यांत नाही. गवे दिसले, रानकुत्री दिसली. ताडोबा तलावाकाठचं तारू देवाचं ठाणं गाइडने सांगितलं. तो वाघाशी लढताना गेला अशी कथा आहे. आप्पांनी गाडीतूनच हात जोडले.

तिसऱ्या फेरीत वानर ओरडलं. गाइडने गाडी थांबवली. मी दुर्बिणीच्या कव्हरची चेन ओढत होतो आणि ती अडकली होती. मान वर केली तेव्हा बांबूत शिरणारं शेपूट तेवढं दिसलं.

आप्पा मात्र बघत होते. त्यांच्या हातात काहीच नव्हतं. बराच वेळ बोलले नाहीत. मग गॉगल काढून डोळ्याला रुमाल लावला. मी घाबरलो, म्हटलं, "धूळ गेली का?"

"न्हाई रं," ते म्हणाले. "समदे पट्टे दिसले."

तर मंडळी, यादीच्या शेवटी माझ्याकडून एक ओळ : गाडी सुरू व्हायच्या आधीच दुर्बीण कव्हरमधून काढून गळ्यात घाला. तुमची बॅग भरताना काय राहिलं होतं, ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.