परशुरामाने मागितलेली विस्मृती

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला २०२५-२६ पर्यंतच प्रवेश देण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने दिल्यामुळे रुग्णसेवेचे प्रशिक्षण यापुढे कोणत्या पदवीतून मिळणार, याची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती; परंतु रुग्णावर उपचार न करता अबोध मन, दमन, स्वप्न या संकल्पनाच तपासणाऱ्या सैद्धान्तिक मनोविश्लेषणातील पीएच.डी.चा विचार त्या चर्चेत जवळजवळ झालाच नाही. विश्लेषकाचे विद्यापीठावाचून अडत नाही, पण विद्यापीठाला मात्र मनोविश्लेषणाचा लाभ होईल, अशी भूमिका फ्रॉइडने १९१९ सालीच मांडली होती, आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजसारख्या ठिकाणी या सैद्धान्तिक अभ्यासाला स्वतंत्र स्थानही मिळाले आहे.

भारताला हा मार्ग अपरिचित नाही. कलकत्ता विद्यापीठाने १९२१ साली गिरींद्रशेखर बोस यांना डी.एस्सी. दिली, ती दमनाच्या संकल्पनेवरील प्रबंधासाठी. दमन म्हणजे मनाला न पेलणारी इच्छा किंवा आठवण जाणिवेबाहेर लोटली जाणे. बोस स्वतः रुग्ण तपासणारे डॉक्टर असले, तरी त्यांचे म्हणणे मुळात सिद्धान्ताचे होते: प्रत्येक इच्छेसोबत तिची उलट इच्छाही जन्म घेते, मारण्याच्या इच्छेशेजारी मार खाण्याची इच्छा असते, आणि जोडीतील एक जाणिवेत आली की दुसरी दडपली जाते. फ्रॉइडला हे पूर्णपणे पटले नाही, तरी दोघांचा पत्रव्यवहार अनेक वर्षे चालला, आणि १९२२ साली बोस यांनी कलकत्त्यात इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी स्थापन केली.

मराठीतील धागा याहून मोलाचा असून तो मानसशास्त्राच्या नव्हे, तर मानवशास्त्राच्या अभ्यासकाने हाती दिला आहे. इरावती कर्वे यांनी १९५० साली लंडनच्या 'मॅन' या नियतकालिकात नकळत बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या इडिपसच्या ग्रीक कथेचे मराठी रूप प्रसिद्ध केले. बाळाच्या कपाळी नशीब लिहिणाऱ्या सटवाईच्या मुलीचे लग्न तिच्याच पोटच्या मुलाशी होणार, हे त्यात विधिलिखित असते. ते टाळण्यासाठी ती पुरुषांपासून दूर राहते, तरीही ते घडते, आणि सत्य कळल्यावर ग्रीक कथेतील आईप्रमाणे गळफास न घेता ती आपला संसार पुढे चालवते. पुढे लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी अशाच कन्नड कथेचा अभ्यास करताना ही कथा मुलाच्या नव्हे, तर आईच्या बाजूने सांगितली जाते, याकडे लक्ष वेधले. एवढ्या एका निरीक्षणाने इडिपसच्या कथेवर बेतलेल्या फ्रॉइडच्या मध्यवर्ती सिद्धान्ताची फेरतपासणी करावी लागते. असे असताना कर्वे यांच्या त्या छोट्या टिपणाभोवती महाराष्ट्रात प्रबंधांची परंपरा उभी राहू नये, ही खरोखर दुःखाची गोष्ट आहे.

अशा प्रबंधाला सामग्री शोधायला फार दूर जावे लागत नाही. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला असलेले निर्मळ शंकराचार्यांच्या समाधीसाठी आणि कार्तिकातील यात्रेसाठी सर्वांना माहीत आहे. तेथील तीर्थाची परंपरा मात्र विमलासुराचा वध करणाऱ्या परशुरामाशीही जोडलेली आहे. हाच परशुराम महाभारताच्या वनपर्वात जमदग्नीच्या आज्ञेवरून रेणुकेचा शिरच्छेद करतो, म्हणजे मुलगा बापाला मारून आईकडे जात नाही, तर बापासाठी आईला मारतो. त्यानंतर तो जे वर मागतो, त्यांत आई पुन्हा जिवंत व्हावी आणि तिला या वधाचे स्मरण राहू नये, हेही असतात. फ्रॉइडच्या मांडणीत ज्याचे मन असते तोच विसरतो. येथे मुलगा आईच्या वतीने विस्मृती मागून घेतो आणि स्वतः आठवण बाळगून राहतो. मग दमन एकट्या मनात घडते की कुटुंबातील दोघा-तिघांत वाटले जाते, आणि बोस यांची जोडीची कल्पना येथे पुरते का, हे प्रश्न उपचाराच्या खोलीबाहेरही गांभीर्याने सोडवता येतात. यात्रेला येणाऱ्या माणसांच्या मनाचे निदान करण्याचा अधिकार मात्र त्यामुळे कोणालाही मिळत नाही. तपासायची आहे ती संकल्पना.

त्यासाठी नवे विद्यापीठ उभारावे लागणार नाही. पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमावलीत दुसऱ्या विभागातील किंवा दुसऱ्या संस्थेतील सहमार्गदर्शक घेण्याची सोय आहे, आणि मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा विभाग १९५९ पासून आहे. त्याने मराठी किंवा संस्कृत विभागाचा सहमार्गदर्शक घेऊन सटवाईच्या कथेवर किंवा रेणुकेच्या विस्मृतीवर पहिला विद्यार्थी नोंदवून घ्यावा.