शस्त्रधारणेचा हक्क व खासगी मालमत्ता

स्वसंरक्षणासाठी बंदूक जवळ बाळगण्याचा नागरिकाचा हक्क आणि आपल्या जागेत कोणी व कोणत्या अटींवर यावे हे ठरविण्याचा मालकाचा हक्क, यांच्या परस्परसंबंधाचा विधिविषयक प्रश्न. तो प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उद्‌भवला आहे. कारण तेथे या दोन्ही हक्कांना संविधानाचा आधार आहे.

शस्त्रधारणेच्या हक्काचा उगम १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत आहे. हा हक्क व्यक्तीचा असून त्यात घरी पिस्तूल बाळगण्याचा समावेश होतो, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरविले. २०१० मध्ये तो घटकराज्यांनाही बंधनकारक ठरला आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या कायद्यासंबंधीच्या निर्णयाने तो घराबाहेर शस्त्र बाळगण्यापर्यंत विस्तारला. नागरिक शस्त्रासह घराबाहेर पडला, की दुकान, उपाहारगृह, चर्च अशा दुसऱ्याच्या जागेत त्याचा प्रवेश होतो व येथेच दोन हक्कांची गाठ पडते.

मूलतत्त्व असे, की संविधानातील मूलभूत हक्क शासनाविरुद्ध असतात, खासगी व्यक्तीविरुद्ध नव्हेत. मालकाने शस्त्रास मनाई केली, तर दुसऱ्या घटनादुरुस्तीचा भंग होत नाही. मनाई मोडून आत राहणारा मात्र अतिक्रमणाचा दोषी ठरू शकतो. प्रार्थनास्थळांविषयीच्या जॉर्जियातील दाव्यात संघीय अपील न्यायालयाने २०१२ मध्ये हेच तत्त्व उचलून धरले. मनाई कशी कळवावी, हे काही राज्यांत काटेकोरपणे ठरवून दिलेले आहे. टेक्ससमध्ये फलकावरील मजकूर इंग्रजी व स्पॅनिश या दोन्ही भाषांत आणि किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत असावा लागतो.

या तत्त्वाला काही राज्यांनी कायद्याने मुरड घातली. ओक्लाहोमातील एका कागद गिरणीने २००२ मध्ये वाहनतळावरील गाड्यांत बंदुका सापडल्यामुळे कामगारांना काढून टाकले. त्यानंतर २००४ मध्ये तेथील विधिमंडळाने, कुलूपबंद गाडीत शस्त्र ठेवण्यास मालकाने मनाई करू नये, असा कायदा केला. यामुळे आपली मालमत्ता अंशतः हिरावली जाते, हा उद्योगसंस्थांचा युक्तिवाद अपील न्यायालयाने २००९ मध्ये फेटाळला. पुढे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियातील शेतमजूर संघटकांना शेतात प्रवेश देणारा नियम मालमत्ताहरण ठरविला आणि इतरांना प्रवेश नाकारण्याच्या हक्काला अधिक बळ दिले. वाहनतळविषयक कायद्यांना ही कसोटी कितपत लागू पडावी, हा विवाद्य मुद्दा आहे.

२०२२ नंतर वादाचे केंद्र मालकाच्या मौनाकडे सरकले. परंपरेने, लोकांसाठी खुल्या असलेल्या दुकानात मनाई नसेल तर संमती गृहीत धरली जाई. न्यूयॉर्कने २०२२ मध्ये व हवाईने २०२३ मध्ये हा क्रम उलटविला : मालकाची स्पष्ट संमती नसेल, तर शस्त्रासह प्रवेश हा गुन्हा. लोकांसाठी खुल्या असलेल्या जागांपुरता न्यूयॉर्कचा नियम एका अपील न्यायालयाने २०२४ मध्ये अग्राह्य ठरविला. त्याच वर्षी दुसऱ्या अपील न्यायालयाने हवाईचा नियम ग्राह्य मानला. हवाईच्या बाजूने न्यू जर्सीचा १७७१ चा व लुइझियानाचा १८६५ चा कायदा पुढे करण्यात आला. त्यांपैकी पहिला चोरट्या शिकारीविरुद्ध होता, तर दुसरा मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना निःशस्त्र ठेवण्यासाठी होता, असा प्रतिपक्षाचा आक्षेप होता. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुनावणीसाठी स्वीकारले.

मनाई करण्याचा मालकाचा अधिकार या वादात दोन्ही पक्षांना मान्य आहे. मतभेद आहे तो, मालक काहीच बोलला नाही तर कायद्याने त्याचा कोणता अर्थ घ्यावा, याविषयी. फलक लावणारे मालक थोडे असल्याने मौनाचा जो अर्थ कायदा ठरवील, तोच बहुसंख्य दुकानांचा नियम होतो. मौन म्हणजे संमती मानल्यास शस्त्र नको असलेल्या मालकावर बोलण्याचा भार येतो. मौन म्हणजे नकार मानल्यास शस्त्रधारकाला प्रत्येक दारी परवानगी मागावी लागते व त्याचा हक्क व्यवहारात रस्त्यापुरता उरतो.