अल्सरमागचा जिवाणू

जठरातल्या अल्सरचा दोष कितीतरी वर्षे तिखट खाणे, काळजी आणि आम्ल यांच्यावरच टाकला जात होता. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी जखम भरायची. गोळ्या थांबल्या की अनेकदा दुखणे उलटायचे.

१९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन यांना रुग्णांच्या जठराच्या नमुन्यांत वळणदार जिवाणू दिसले. बॅरी मार्शल यांच्यासोबत त्यांनी १९८२ मध्ये ते प्रयोगशाळेत वाढवले. १९८४ मध्ये मार्शल स्वतः ते जिवाणू प्यायले आणि काही दिवसांतच त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा हा जिवाणू युरियाचे विघटन करतो. त्यातून तयार होणारा अमोनिया त्याला आम्लापासून वाचवतो, आणि कार्बन डायऑक्साइड त्याचा ठावठिकाणा सांगतो. रुग्णाला ओळखता येईल अशा कार्बनचा युरिया देतात. तोच कार्बन उच्छ्वासात सापडला, तर संसर्ग आहे. शौचाच्या तपासणीतून किंवा एंडोस्कोपीत घेतलेल्या नमुन्यातूनही निदान होते.

उपचारात आम्ल कमी करणाऱ्या औषधासोबत प्रतिजैविके देतात, बहुधा १४ दिवस. बरे वाटले म्हणून ती मध्येच सोडू नयेत. उरलेले जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी फेरतपासणी हवीच.

काही वेदनाशामक गोळ्यांनीही अल्सर होतो, म्हणून त्या मनाने घेऊ नका. डांबरासारखे काळे शौच किंवा रक्ताची उलटी झाली, तर तडक रुग्णालय गाठा.