निशिगंधाचा कंद पारखून घ्या, मगच वाफ्यात लावा



पाडवा उलटला की आठवडी बाजारात फुलझाडांची रोपे आणि कंद विकायला येऊ लागतात. चार पैशांची फुले घरची असावीत, गौरी-गणपतीला, नवरात्रात हार विकत आणावा लागू नये, ही घरच्या लक्ष्मीची इच्छा असतेच. अशा परसबागेसाठी आपल्या जालना जिल्ह्याच्या हवेला मानवणारे कंदवर्गीय फूल म्हणजे निशिगंध. कुणी याला गुलछडी म्हणते, कुणी रजनीगंधा. मात्र या पिकाचे निम्मे यश लावण्यापूर्वीच ठरते. कंद चुकला तर खत, पाणी आणि मेहनत सगळे पालथ्या घड्यावर पाणी!

रंगीत पाकिटाला भुलू नका

अलीकडे चित्रांच्या पाकिटातून ट्युलिप, डॅफोडिल, ब्लूबेल असे परदेशी कंद विकायला येतात. चित्र पाहून मन हरखते. ब्लूबेल हे निळ्या घंटेसारख्या फुलाचे झाड युरोपातल्या थंड प्रदेशातील जंगलांत वाढते. ब्रिटनमध्ये तर रानातले ब्लूबेलचे कंद उकरून विकण्यास १९९८ पासून कायद्याने बंदी आहे. या कंदांना फुलण्याआधी कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, जमिनीला हातभर भेगा पडतात. तिथे हे कंद जमिनीतच सडतात किंवा वाळून जातात. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा असला, तरी त्याला ऊब आणि ऊन मानवते. म्हणून तो आपल्याकडे रुळला.

कंदाची पारख

आता मुख्य मुद्दा. निशिगंधाचा एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. फुलाचा दांडा येऊन गेला की तो मूळ कंद पुन्हा फूल देत नाही, त्याच्या भोवती आलेली पिल्ले पुढे फुलतात. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. त्यामुळे मोठा दिसतो म्हणून फुलून गेलेला म्हातारा कंद लोक आनंदाने घेतात आणि मग वर्षभर नुसती पात पाहत बसतात. खरेदी करताना पुढील गोष्टी तपासा :

• कंदाच्या मध्यावर वाळलेल्या दांड्याचा खुंट किंवा त्याची खूण आहे का? असेल तर तो कंद बाजूला काढा.

• कंद चातीसारखा, मध्ये फुगीर व टोकाला निमुळता असावा. जाडी २ ते ३ सेंटीमीटर आणि वजन २५ ते ३० ग्रॅम असलेला उत्तम.

• बोटाने दाबून पाहा. टणक लागला तर चांगला. मऊ, पोकळ, बुरशीचा वास येणारा किंवा बुडाला काळा पडलेला कंद फुकट मिळाला तरी घेऊ नका. तो सोबत रोग आणतो.

• कंद कधी काढले ते विचारा. कालच जमिनीतून काढलेला ओला कंद लगेच लावला तर तो उशिरा आणि मागेपुढे उगवतो. काढल्यानंतर सावलीत महिना-दीड महिना विसावा मिळालेला कंद एकसारखा फुटतो.

• किलोवर घेत असाल तर मोजून पाहा. चांगल्या कंदाच्या एका किलोत ३३ ते ४० नग बसतात. ७०-८० नग भरले तर ती पिल्ले समजा. ती घेऊ नयेत असे नाही, पण त्यांना फुलायला जास्त काळ लागेल हे धरून भाव करा.

शक्यतो ज्याच्या शेतात निशिगंध फुललेला तुम्ही डोळ्यांनी पाहिला आहे, त्याच्याकडूनच कंद घ्या. शेजारच्या गावातला ओळखीचा शेतकरी पाकिटापेक्षा केव्हाही बरा.

जात कोणती?

हार, वेणी आणि देवपूजेसाठी एकेरी पाकळीची जात घ्यावी. तिला सुवास जास्त असतो. बेंगळूरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या 'शृंगार' आणि 'प्रज्वल' या एकेरी जाती आहेत. फुलदाणीत ठेवायला दुहेरी पाकळीची 'सुवासिनी' किंवा 'वैभव' शोभून दिसते.

लागवड

एप्रिलअखेर ते मे महिन्यात लागवड केली तर साधारण साडेतीन महिन्यांत फुले सुरू होतात, म्हणजे नेमकी सणासुदीला. जागा दिवसभर उन्हाची हवी. लिंबाच्या दाट सावलीत पात माजते, दांडा येत नाही.

आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते. मुळाशी पाणी साचले की कंद कुजतो. म्हणून सपाट वाफा करू नका. वीतभर उंचीचा गादीवाफा करा. माती फारच चिकट असेल तर तिच्यात पोयटा किंवा बारीक मुरूम मिसळा. तीन मीटर लांब व एक मीटर रुंद वाफ्याला चांगले कुजलेले शेणखत ८-९ किलो, म्हणजे सुमारे दोन घमेली, पुरते. या शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी पुडीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळून आठवडाभर ओलसर सावलीत झाकून ठेवल्यास कूज आटोक्यात राहते.

दोन ओळींत ३० सेंटीमीटर व दोन कंदांत २० सेंटीमीटर अंतर ठेवा. एवढ्या वाफ्याला ५० कंद, म्हणजे सव्वा ते दीड किलो लागतात. टोक वर ठेवून ५ ते ७ सेंटीमीटर खोल लावा आणि माती हलकेच दाबा. लावल्याबरोबर एक पाणी द्या. त्यानंतर कोंब वर येईपर्यंत नुसता ओलावा राखा. रोज भरमसाठ पाणी घालणे म्हणजे कंद कुजवणेच आहे.

पाण्याचे काय?

आपला जिल्हा सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पावसाचा. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, तेव्हा फुलझाडांना पाणी कुठून आणायचे, असे कुणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच पन्नास कंदांच्या वर सुरुवातीला जाऊ नका. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी एवढ्या वाफ्याला बराच हातभार लावते. साबण व सोड्याचे पाणी मात्र टाळा. ओळींमध्ये पाचट किंवा सोयाबीनचा भुसा अंथरला तर पाण्याच्या पाळ्या कमी होतात.

रोग आणि काढणी

पावसाळ्यात बुंध्याजवळ पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती खोडकूज आहे. ते झाड भोवतालच्या मातीसकट काढून दूर नष्ट करा. झाडाचे जुने अवशेष वाफ्यात पडू देऊ नका.

हारासाठी टपोऱ्या कळ्या पहाटे खुडा. दांडा हवा असेल तर खालची एक-दोन जोड फुले उमलल्यावर कापा.

दोन-तीन वर्षांनी कंदांची गर्दी होऊन दांडे बारीक येऊ लागतात. तेव्हा पात पिवळी पडल्यावर पाणी तोडा, कंद काढा, सावलीत पसरा आणि अधूनमधून हलवा. मोठे कंद लावायला, पिल्ले वेगळ्या वाफ्यात वाढवायला आणि फुलून गेलेले खुंट खतात, अशी वर्गवारी करा. एवढे केले की पुन्हा कंद विकत घ्यायची गरज नाही, उलट तुम्हीच चार घरांना द्याल.

सरपंच व ग्रामसेवकांनाही एक विनंती. शाळा, अंगणवाडी व ग्रामपंचायतीच्या आवारात नुसती शोभेची कुंडी ठेवण्यापेक्षा निशिगंधाचा एक गादीवाफा करून पाहावा. तीन वर्षांत तोच गावाची कंदांची रोपवाटिका होईल. कंद खरेदी करण्यापूर्वी शंका असल्यास नमुन्याचा एक कंद घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवून घ्यावा. एका चकरेने वर्षाची फसगत टळते.